झोळीतल्या पोरीचं पत्रक
दोन वर्षांपूर्वी, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी, धडगावच्या डोंगरातली बाळंतपणात अडलेली एक पोर दवाखान्याच्या वाटेवर, बांबूला बांधलेल्या झोळीतच मेली आणि सरकारी कागदावर लिहिलं गेलं, 'नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला.' मी चळवळीची पत्रकं लिहितो, छापतो; छपाईच्या ओल्या शाईचा वास आला की मला तिची आई आठवते. पोरीच्या मरणावर लिहिलेलं माझं पत्रक मी तिला ठणकावून वाचून दाखवलं, 'व्यवस्थेचा बळी!' ती म्हणाली, "भाऊ, यात माझी पोर कुठं आहे? कोंबडा आरवायच्या आधी निघालो आम्ही. चौघांनी झोळी वाहिली, जीप तर पार खाली, रस्ता संपतो तिथं. पोर म्हणत होती, आई, पाय गार पडले. हे लिही ना!" सगळं खोडून मी तिचंच बोलणं छापलं. सरकारी कागद मात्र अजून तसाच आहे. गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत त्या आईशेजारी उभे राहा आणि ठराव करून तो कागद बदलायला लावा.