आंबा घाटात आडवा उभा राहिलेला माणूस

या सदरातले अनुभव मी हसायला वाचतो. पांढरी साडी, कुत्र्याचं रडणं... लिहिणाऱ्यांची कीव येते. तरीही आज मीच लिहितोय, कारण जे घडलं त्यात सगळ्यात वाईट वागलो तो मी.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी रत्नागिरीत कारकून. शाळेपासूनचा मित्र सुधीर मुंबईत मोठा साहेब झालेला. गणपती उरकल्यावर आम्ही तिघांनी — तो, मी आणि मास्तरकी करणारा मनोहर — चार दिवस आंब्याला डोंगरात राहायचं ठरवलं. तेव्हा रत्नागिरीला छोटं विमान येत असे. सुधीर त्यातून उतरला, आम्ही भाड्याच्या गाडीत बसलो आणि हातखंब्यापर्यंत विमानाशिवाय दुसरा विषय नाही. ढग वरून कसे दिसतात, चहा कसा देतात... जणू विमान यानेच चालवलं. पाली गेली, नाणीज गेलं, तरी हा अजून हवेतच. "तुम्ही लोक एसटीत कसे बसता रे?" असंही विचारून झालं. मनोहर हसत होता. मला त्याचाही राग आला.

साखरप्याच्या पुढे घाट लागला आणि दुपारी तीनलाच धुकं उतरलं. बॉनेटच्या पुढचं दिसेना. अशा वेळी आमच्याकडे एक जण खाली उतरतो, पांढरा पंचा हातात धरून गाडीपुढे चालतो आणि ड्रायव्हर त्या पंच्यामागे गाडी हाकतो. नियम एकच — गाडीच्या नजरेआड व्हायचं नाही.

शांताराम ड्रायव्हरने पंचा माझ्या हाती दिला. "सायेब, सावकास चला. मी तुमच्याच मागं हाय."

"विमानात अशी सोय नसते बरं का," मागून सुधीर म्हणाला.

माझं डोकं फिरलं. थोडं चाललो, मग मुद्दाम पाय उचलले. बसा म्हटलं चाचपडत. पाऊस भुरभुरत होता म्हणून पंचा डोक्याला गुंडाळला आणि डोंगराच्या कडेने गटाराला धरून दोन वळणं पार केली. मागे वळूनही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने लक्षात आलं की गाडीचा आवाजच नाही. परत फिरलो. वळणावर धुकं जरा विरळ झालं होतं आणि दरीकडचा अर्धाअधिक रस्ता खचून खाली गेलेला दिसला. मी त्याच्या कडेने गेलो होतो, मला पत्ता नव्हता. पलीकडे दहा हातांवर गाडी उभी होती.

शांताराम दार उघडून खाली उतरला. "बरा झाला थांबलात ते! दोनी हात आडवे करून रस्त्याच्या मधी उभे व्हतात. मी तीनदा हारन मारला, तरी तुमी तोंड फिरवलात नाय."

"दहा मिनिटं तरी उभा होतास," मनोहर म्हणाला. "हातात पंचा होता. मग धुकं विरळ झालं, समोर खचलेला रस्ता दिसला आणि तू पुढे चालत गेलास."

मी हॉर्न ऐकला नव्हता. पंचा माझ्या डोक्याला होता.

धुक्यात भास होतात, हे मला कळतं. पण एकच भास तिघांना, आणि नेमका खचलेल्या रस्त्याच्या अलीकडे? शांताराम तर पुढे ठामपणे म्हणायचा, मीच होतो, माझाच शर्ट होता. घाटाचा राखणदार देव वगैरे बोलला असता तर मी त्याला उडवून तरी लावलं असतं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सुधीरने मला मिठी मारली. विमानवाला साहेब लहान मुलासारखा रडत होता. मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. भर मांडवात त्याने मला पुढे बोलावलं, "याच्यामुळे मी आज इथे उभा आहे" म्हणाला आणि शाल-श्रीफळ दिलं. मुलगी पाया पडली.

तो कोण होता, मला आजही माहीत नाही. त्याची शाल मात्र मी घेतली.