रक्ताला लागलेला बोल

दारूबंदी आली तेव्हा मला वाटलं, आता आमच्या घरातली दारू सुटेल. सुटली नाही. माझे यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होते. कामावरून सुटले की पवनेच्या काठाकाठानं झाडीत जायचे, तिथं हातभट्टी चोरून मिळायची, आणि अंधार पडल्यावर घरी यायचे. लग्नाच्या आधीपासूनची सवय. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. येऊन गुपचूप जेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून निजायचे. आवाज होत नव्हता म्हणून सगळं झाकता येत होतं. चिंचवडच्या आमच्या चाळीत भिंती पातळ, त्यामुळं वास जाऊ नये म्हणून मी संध्याकाळी ऊद जाळायची. शेजारणी म्हणायच्या, या घरात देवधर्म फार. मी मान खाली घालून हसायची.

मग त्यांच्या अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. अंघोळीला पाठ चोळताना मी विचारलं, कुठं पडलात का? ते नाही म्हणाले. मला ते पटलं नाही, पिऊन पडले असतील असंच वाटलं. त्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं, कारण ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले. पुढं हिरड्यांतून रक्त यायला लागलं. भाकरीच्या तुकड्याला लाल लागायचं. ते भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. चेहरा पांढरा पडला, अंगात ताप मुरला.

एका सकाळी ते लेथसमोर कोसळले. दोघा कामगारांनी त्यांना टांग्यातून घरी आणलं. चाळीतली माणसं दारात जमली. त्या दोघांपैकी एकजण मला हळूच म्हणाला, "वहिनी, सकाळच्या पारी तरी घेऊ देत जाऊ नका." त्या दिवशी त्यांनी घोटभरही घेतली नव्हती. पण ते मी सांगणार कुणाला?

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन्ही बाजूंना खाटा, मधे डॉक्टर उभे. त्यांनी डाग पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, दारू घेता का? यजमान म्हणाले, कधीच नाही. बंदीचे दिवस, नोकरीची भीती. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाशी धरला होता, तो बाजूला केला.

"रोज घेतात," मी म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून."

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. डॉक्टर फक्त बरं म्हणाले. यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला खाली पाहायलासुद्धा जागा उरली नव्हती, कारण खालच्या फरशीवर त्या शेजाऱ्याची बायको बसलेली होती.

छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि तपासला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे. हाडांतच रक्त बिघडून तयार होतंय. औषध फारसं नाही, वरून रक्त देऊन जितके दिवस जातील तितके.

गावाकडून, निघोज्याहून, थोरले दीर आले. माळकरी माणूस, आयुष्यात कधी त्या वासाला उभे राहिले नव्हते. धाकट्या भावाशी त्यांनी कित्येक वर्षं धड बोलणं टाकलं होतं. त्यांचं रक्त जुळलं. त्यांनी हात पुढं केला. ती बाटली चढल्यावर यजमानांच्या गालावर जरा रंग आला. दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र यजमानांनी हात मागं घेतला.

"नको. दादाचं चांगलं रक्त माझ्यात कशाला नासवता?"

दीर खाटेच्या पायथ्याशी उभे होते, त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. यजमानांनी मग डॉक्टरांना विचारलं, "साहेब, खरं सांगा. ह्ये मीच ओढवून घेतलं ना?"

डॉक्टर म्हणाले, दारूनं लिव्हर खराब होतं, रक्त कमी होतं, ते मी छातीठोक सांगेन. पण हा कॅन्सर दारूनंच झाला, असं मला सांगता येणार नाही. न पिणाऱ्यांनाही होतो.

मला वाटलं, हे ऐकून ते सुटतील. ते रडायला लागले. स्वतःला दोषी ठरवून ते आतून कसेबसे शांत झाले होते, ती शांतीही डॉक्टरांनी काढून घेतली. दिरांनी जवळ येऊन त्यांचा हात धरला आणि रक्त चढवायला नर्सबाईंच्या पुढं केला.

खूप वर्षांनी, मी म्हातारी झाल्यावर, एका डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं प्यायलं की तोंडाचा, घशाचा, लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका नक्की वाढतो. रक्ताच्या कॅन्सरचं मात्र अजूनही तितकं स्पष्ट नाही. म्हणजे उत्तर फारसं पुढं सरकलेलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी यजमान गेले. तेराव्याला निघोज्याच्या घरी माणसं जेवायला बसली होती. मी आतल्या खोलीत होते. बाहेर एक पाहुणे म्हणत होते की दारूनं रक्त जाळलं, दुसरं काय होणार. बाकीच्यांनी हुंकार भरला. माझा चेहरा तापला. आत बसलेल्या बायका माझ्याकडं न पाहता पाहत होत्या.

मग दिरांचा आवाज आला. ते कधी मोठ्यानं बोलत नसत.

"पीत व्हता, ते खरं हाय. पन त्यानंच गेला का, ते डॉक्टरलाबी म्हाईत न्हाई. तुमी कशावरनं सांगता?"

पंगतीतून कुणीतरी वरण मागितलं. जाऊबाईंनी माझ्या हातात वरणाचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, तूच वाढ. मी पदर सावरून बाहेर गेले. मान काही वर झाली नाही, पण प्रत्येकाच्या पानापुढं थांबून वाढलं.