सासूबाईंचा हिवाळी पाहुणा

दाचा, म्हणजे शहराबाहेरचं उन्हाळी घर, हिवाळ्यासाठी बंद करायला माणसाला एक दिवस पुरतो. माझ्या सासूबाईंना अख्खा ऑक्टोबर पुरत नाही. दर शनिवारी "आज शेवटचं हं, वालेरा" म्हणून मला शहरातून पळवायचं आणि रविवारी परत निघताना आठवायचं की कोबी अजून जमिनीतच आहे. कोबी झाला की गाजरं, गाजरं झाली की ग्लॅडिओलसचे कंद. भोपळे वाहून वाहून माझ्या गाडीचं मागचं बूड जमिनीला टेकायला आलंय. लोकांच्या सासवा जावयाला चहा विचारतात. माझ्या सासूबाई हातात फावडं देतात.

कपितोलिना येगोरव्ना त्यांचं नाव. टायरच्या कारखान्यात आयुष्यभर क्रेन चालवली. वरच्या केबिनमधून खालच्या पुरुषांवर ओरडायची जी सवय लागली ती लागलीच. आता क्रेन नाही, आणि खाली मी एकटा. "डावीकडे धर! तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

बरं, काम त्यांना येतं, नाही कशाला म्हणू? उंदीर लागू नयेत म्हणून गाद्या तारेवर टांगायच्या, बर्फानं फुटू नये म्हणून पाण्याचं पिंप उपडं घालायचं, हे सगळं मी निमूट करतो. माझं डोकं फिरतं ते त्यानंतरच्या कामानं. त्यानंतर सासूबाई चोराची सोय करतात.

थट्टा नाही. काही वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात कोणीतरी स्वयंपाकघराची काच फोडून आत शिरला, तिथेच राहिला, मुरंब्याच्या बरण्या फस्त केल्या आणि दोन स्टुलं चुलीत घातली. माझी बायको लारिसा रडली. मी कुलूप आणायला निघालो. सासूबाई म्हणाल्या, "कोरडं सरपण सापडलं नाही बिचाऱ्याला, म्हणून स्टुलं जाळली." पुढच्या वर्षापासून चुलीजवळ फोडलेलं सरपण रचून ठेवायची प्रथा पडली. फोडणार कोण? जावईबापू! शिवाय डबाभर भरड धान्य, चहा, साखर, काड्यापेटी, माझे जुने जाड लोकरी नमद्याचे बूट, आणि पुन्हा काच फुटू नये म्हणून किल्ली पायरीखाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते आमच्याकडे रीतसर चालतं. त्या गृहस्थानंही संकोच केला नाही. दर हिवाळ्यात येऊन गेला. फक्त वसंतात आम्ही जायचो तेव्हा ताटल्या घासलेल्या असायच्या.

शेजारचा अर्काशा कुंपणावरून विचारतो, "काय वालेरा, यंदा साहेबांसाठी चपला कुठल्या काढल्यास?"

यंदाच्या वसंतात मात्र गंमत राहिली नाही. दार सताड उघडं होतं. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत कोणीतरी ओकत, सरपटत गेल्याच्या खुणा होत्या. धुराड्याची झडप गच्च लावलेली. आमची चूल विटांची, मोठी. निखारे पुरते विझायच्या आत झडप लावली तर खोलीत विषारी वायू कोंडतो आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. ऊब टिकावी म्हणून त्यानं घाई केली असणार. जाग आली म्हणून वाचला. पुढे कुठे गेला, देव जाणे.

मी घरी जाहीर केलं, बस्स झालं. उद्या कोणी आपल्या घरात मेला तर काय करणार? खिडक्यांना लोखंडी झापा करून घेतल्या, हे एवढं कुलूप आणलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन निरखलं आणि फळीवर ठेवलं. मला वाटलं, जिंकलो.

शेवटच्या रविवारी गाडी भरून तयार होती. पुढे लारिसा मांजर मांडीवर दाबून बसलेली, आणि सासूबाईंचा पत्ता नाही. मी वैतागून आत गेलो. त्या कोट घालून चुलीपाशी उभ्या होत्या, हात झडपेच्या मुठीवर. खाली सरपण रचलेलं. मी यंदा एक ढलपी फोडली नव्हती. म्हणजे बाईंनी गुपचूप स्वतः फोडलं होतं, या वयात!

"आई, कुलूप लावायचंय. ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय."

"अहो, तो मेला असता!"

"म्हणूनच तर उभी आहे. त्याला सांगायचं कसं याचा विचार करतेय."

"कुलूप लावलं की सांगायचा प्रश्नच नाही. जाईल दुसरीकडे."

"दुसरीकडे म्हणजे कुठे रे? बर्फात?"

माझा तोल गेला. "मला काय माहीत! तुमचा कोण लागतो तो?"

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "ल्योन्या असेल म्हणून मी हे करते असं समजू नकोस."

ल्योन्या म्हणजे लारिसाचा थोरला भाऊ. दारूपायी भांडून घर सोडलं, त्यानंतर ना फोन ना निरोप. आमच्याकडे त्याचं नाव कोणी काढत नाही.

"ल्योन्याला ही चूल पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तो झडप अशी लावायचा नाही. हा दुसराच कोणीतरी. पण माझा पोरगाही कुठेतरी कोणाच्या दाचात शिरतच असेल ना? इथे मी कुलूप ठोकायचं आणि तिथल्या बाईनं मात्र दार उघडं ठेवावं, असं कुठल्या तोंडानं मागू?"

मला भयंकर राग आला. असलं काही बोलल्यावर माणसानं भांडायचं कसं? तरातरा गाडीपाशी गेलो, भोपळे बाजूला फेकले, तळातून लोखंड कापायची करवत काढली. झडपेचा पत्रा खाचेतून ओढून घेतला आणि पायरीवर बसून त्याचा कोपरा कापायला लागलो. बाहेर लारिसा हॉर्न वाजवत होती. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पत्रा धरून ठेवला, आणि पहिल्यांदाच कसं कापायचं ते सांगितलं नाही.

पत्रा परत बसवला. आता झडप कितीही लावा, हाताची मूठ जाईल एवढी फट उरणार, वायू वर निघून जाणार. सासूबाईंनी ती लावून पाहिली, उघडून पाहिली, पुन्हा लावून पाहिली.

"ऊब पहाटेपर्यंत टिकायची नाही रे," त्या म्हणाल्या.

"नाहीच टिकणार. सरपण दुप्पट लागेल."

त्या चुलीजवळच्या ढिगाकडे बघत राहिल्या. मी कोट काढला आणि कुऱ्हाड शोधायला गेलो.