नावावरची पट्टी

अप्पा गेल्याचं मला त्यांच्या मुलीने, सुधाने कळवलं, तेही चार ओळींच्या पोस्टकार्डावर. शेवटी लिहिलं होतं, 'तुमच्या नावाचं एक पाकीट निघालंय, येऊन घेऊन जा.' त्याला तीन आठवडे झाले. मी गेलो, पाकीट आणलं, आणि ते उघडल्यापासून मला अप्पांची नुसती आठवण येत नाही, त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. ज्या माणसासमोर उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नाही, तो गेल्यावर भांडण सुचावं...

अप्पा गुप्ते अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख होते. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी बी.एस्सी. होऊन मी त्यांच्या हाताखाली लागलो. रोज शिरगावहून सायकल मारत यायचो. पहिल्याच दिवशी मी उभ्या उभ्या काचेच्या नळीतलं माप वाचलं, तर मानेवर हात ठेवून त्यांनी मला खाली वाकवलं. "गणू, डोळा पाण्याच्या पातळीला आण, मगच आकडा वाच." पुढे ही सवय अशी अंगात भिनली की घरी बाटलीतलं रॉकेलसुद्धा मी वाकूनच बघायचो आणि आई हसायची.

कारखान्याच्या मालकांनी एक शिष्यवृत्ती ठेवली होती. दरवर्षी आसपासच्या एका पदवीधराला रंगांचं रसायनशास्त्र शिकायला विलायतेला पाठवायचं, सगळा खर्च त्यांचा. निवडीचं काम अप्पांकडे. अर्ज आले की ते स्वतः कणकेची खळ शिजवत आणि प्रत्येक अर्जावरचं नाव, गाव, जात पांढऱ्या पट्ट्यांनी झाकून टाकत. पट्टीवर फक्त क्रमांक. पंचांनी अर्जातली उत्तरं वाचायची, माणूस वाचायचा नाही, असा त्यांचा हट्ट. मला तो खुळेपणा वाटे. मी स्वतः अर्ज केला तेव्हा मात्र त्याच पट्टीचा केवढा आधार वाटला!

ओलं फडकं लावून पट्ट्या सोडवल्या, तेव्हा पहिली आली होती ईश्वरी. निर्वासितांच्या कल्याण कॅम्पातल्या शाळेत शिकवणारी सिंधी मुलगी. दुसरा मी. पण ईश्वरीचं पदवीचं प्रमाणपत्र कराचीच्या घरात राहून गेलं होतं. शनिवारी दुपारी बाराच्या आत प्रमाणपत्र, नाहीतर तिच्या कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकाची लेखी साक्ष हवी. दोन्ही नसेल तर जागा माझी, असं ठरलं. तिला रसायन शिकवणारे प्राध्यापक इकडेच कुठेतरी आल्याचं तिच्या कानावर होतं, पत्ता मात्र नव्हता. मी हे घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "पयली न्हाय गेली तं तुजाच नंबर ना रं?" दुसऱ्या दिवशी सगळ्या शिरगावला माहीत झालं की गणू विलायतेला निघाला.

शुक्रवारी अप्पा मला म्हणाले, "तुला कॅम्प पाठ आहे. चल, शोधू त्यांना." वडिलांबरोबर मी तिथे भाजी विकली होती, तोडकंमोडकं सिंधी येत होतं. नाही कसं म्हणणार? अप्पांना कॅरियरवर बसवून मी बराकींच्या रांगांमधून हिंडत राहिलो. दार ठोठावायचं, नाव विचारायचं. आतून "नहीं साईं" आलं की मला हलकं वाटायचं. लिहायलाही लाज वाटते, पण वाटायचं.

दुपारी एका बराकीत पिकल्या दाढीचा एक माणूस साबण तयार करताना दिसला. विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "प्रोफेसर? यहाँ तो सब रोटी के पीछे हैं, साईं." आणि त्याने काचेच्या बरणीत कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं. मग गुडघ्यात वाकला, एक डोळा मिटला, दुसरा पाण्याच्या पातळीला आणला... प्रयोगशाळेत शिकल्याशिवाय असं कोणी वाकत नाही. अप्पा दाराशी उभे राहून चष्मा पुसत होते.

"काही लक्षात आलं का, गणू?"

"नाही अप्पा."

"बरं. चल मग."



शनिवारी सकाळी आईने वडिलांचा जुना लोकरी कोट अंगणात उन्हात घातला होता. "तकडं थंडी लय अस्ते म्हंतात," ती म्हणाली. त्या कोटाकडे मला बघवेना. मी सायकल काढली आणि अंबरनाथला अप्पांच्या घरी पोचलो. कडी वाजवायच्या आत दार उघडलं. अप्पांच्या पायात वहाणा, हातात छत्री. आतल्या घड्याळात पावणेदहा झाले होते.

"अप्पा, तो साबणवाला..."

"चल," ते म्हणाले. "आधी ईश्वरीला घेऊ."

टांगा केला. बराकीच्या दारात ईश्वरी उभी राहिली, तर त्या माणसाने आधी तिच्या मनगटावरच्या ॲसिडच्या जुन्या डागाकडे पाहिलं. "बेटी, तेज़ाब का दाग़ गया नहीं अभी?" आणि तो रडायलाच लागला. तिने वाकून आपल्या सरांचे पाय धरले. साबणाच्या खोक्याच्या तळातून त्यांनी आपलं कॉलेजचं नेमणूकपत्र काढलं आणि साक्ष लिहून दिली. बाराला पाच मिनिटं असताना आम्ही कचेरीत शिरलो. ईश्वरी विलायतेला गेली. पुढच्या वर्षी कारखान्याचे मालक बदलले, शिष्यवृत्ती बंद पडली, आणि मी त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. अप्पांनी मला ना कधी शाबासकी दिली, ना कधी बोल लावला.

एवढी वर्षं मी एका समाधानावर काढली. एक दिवस घसरलो, पण माझ्यामुळे ती मुलगी विलायतेला गेली. आता हे पाकीट. त्यात माझा तो अर्ज, आणि त्यावरून सोडवलेली पट्टी. पट्टीच्या मागे अप्पांचं तिरकं अक्षर: 'शुक्रवार. साबणवाला वाकून माप वाचतो. गणूनेही पाहिलं. तो सांगेल. उद्या दहापर्यंत वाट पाहायची, मग आपण जायचं.'

म्हणजे मी तोंड उघडलं नसतं तरी ईश्वरी गेलीच असती. माझ्या जन्माची पुण्याई या म्हाताऱ्याने एका पट्टीवर संपवली, म्हणून चार दिवस मी नुसता धुमसत होतो. मला पुन्हा का नाही विचारलंत, का नाही झापलंत? एकदा तरी सांगायचं होतं...

मग पट्टी पुन्हा वाचतो. वहाणा घातलेले, छत्री घेतलेले अप्पा दाराशी उभे दिसतात. 'तो सांगेल' याच्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलेलं नाही.

अप्पा, मी आलो तेव्हा दहाला अजून पंधरा मिनिटं होती.