विंचवाचा थर

भाऊच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. "आत्याबाई, मामाजी उठूनच नाही राह्यले," एवढंच ती बोलली आणि फोन तसाच चालू राहिला. मागून कुणीतरी "पाणी आणा, पाणी" म्हणत होतं... मी पिशवी तिथेच टाकली आणि बसस्टँड गाठलं. बीबीला उतरून पुढे गावात पोचेपर्यंत दुपार झाली होती. माझा थोरला भाऊ सुदाम, पन्नास वर्षं दगडाचं काम केलेला गवंडी, पांढऱ्या चादरीखाली निजला होता. चादरीबाहेर त्याच्या टाचा दिसत होत्या आणि त्या स्वच्छ होत्या. दगडाच्या भुकटीने कायम पांढऱ्या असलेल्या त्या टाचा गेल्या दोन वर्षांत स्वच्छ झाल्या होत्या, कारण त्याला कुणी कामावर बोलावतच नव्हतं.

त्याला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर हळवं लिहावं, हे मला कळतं. पण मी सारी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून काढली. दुसऱ्यांच्या साक्षी शब्द इकडचा तिकडे न करता उतरवून घेतल्या. ही माझी स्वतःची साक्ष आहे आणि हिच्यात हळवेपणा शोधायला जाऊ नका. ज्यांनी माझ्या भावाला देऊळ नासवणारा ठरवलं, त्यांची मला जिरवायची आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईंचा तोल गेला.

आमचे वडील लवकर गेले. भाऊने चौथीतून शाळा सोडली आणि हातोडा धरला, म्हणून मी शिकले. मला लघुलेखनाच्या क्लासला घालायला तोच बुलढाण्याला घेऊन आला होता. सुट्टीत घरी गेले की म्हणायचा, "दाखव बरं तुही विद्या." मी त्याचं नाव लिहून दाखवायची. एक तिरकी रेघ, एक आकडी, वर टिंब. तो पोट धरून हसायचा. "हे तं शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यावानी दिसते वं! याचे पैसे देते सरकार?" त्याला स्वतःला सही आणि आकडे एवढंच यायचं. पण दगड बघून तो सांगायचा की हा कुठल्या अंगाने फुटेल, आणि दगड त्याच अंगाने फुटायचा.

आता त्या देवळाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या गावच्या नाल्याकाठी महादेवाचं जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्याचा सभामंडप एका अंगाला झुकला. गावच्या पंचांनी ठेकेदार नेमला, ठेकेदाराने भाऊला बोलावलं. आमचं घर बौद्ध. भाऊचं देवाशी काही देणंघेणं नव्हतं, दगडाशी होतं. मंडपाच्या भिंती एकेक दगड उतरवून मोकळ्या करायच्या, पाया पक्का करायचा आणि तोच दगड त्याच जागी परत बसवायचा, असं काम होतं. मधला पावसाळाभर दगड शेजारच्या शेतात पडून राहणार होते. रंगाने आकडे टाकले असते तर धुऊन गेले असते. कोरून आकडे टाकावेत तर दगड वाहणाऱ्या नऊ बायका, आणि नऊतल्या एकीलाही आकडे वाचता येत नव्हते.

तेव्हा भाऊने जे केलं ते त्यालाच सुचलं असतं. भिंतीत दगडाच्या नऊ ओळी होत्या, म्हणजे नऊ थर. त्याने एकेक थर एकेका बाईच्या ताब्यात दिला. आणि त्या बाईच्या हातावर जे गोंदण होतं, तेच तिच्या थरातल्या प्रत्येक दगडाच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढं कोरलं. पंचफुलाच्या मनगटावर विंचू, म्हणून तिचा विंचवाचा थर. कुणाची तुळस, कुणाची चांदणी, कुणाची फणी, कुणाचा पाळणा. शेजारी टिंबं द्यायची, दारापासून कितवा दगड तेवढी. पावसाळा सरल्यावर भाऊ पाडावर, म्हणजे परांचीवर, उभा राहून हाक मारायचा, "पंचफुला, तुहा थर!" आणि पंचफुला हातावरचं गोंदण नि दगडावरचं कोरीव ताडून पाहत आपले दगड पुढे करायची. एकही दगड चुकला नाही. सभामंडप आजही सरळ उभा आहे, कुणीही जाऊन ओळंबा लावून पाहावा.

वर्षं गेली. दिव्याची काजळी आणि तेल बसून त्या खुणा काळ्याभोर झाल्या. मग तीन वर्षांपूर्वी पुण्याकडून एक गृहस्थ आले. नाव लिहीत नाही. त्यांचे अनुयायी त्यांना नुसतं "सर" म्हणतात, मीही तेच म्हणते. लोणारच्या सरोवरापासून जुन्या देवळांवरून जाणारी म्हणे एक शक्तीची रेघ आहे, तिच्यावरचे गुप्त संकेत ते शोधत होते. यांना वाचायला पुस्तक लागत नाही. हे डोळे मिटतात, हातात लोलक धरतात, आणि हजार वर्षांपूर्वीचे शिल्पी यांच्याशी बोलतात. आमच्या मंडपात पथारी टाकून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीच्या कोपऱ्यांत विंचू दिसला. मग काय विचारता! विंचू म्हणजे वृश्चिक रास, चांदणी म्हणजे ध्रुव, पाळणा म्हणजे पुनर्जन्म, टिंबं म्हणजे आकाशातले अंश. दर पौर्णिमेला गाड्या भरभरून माणसं यायला लागली. गावात चहाची तीन दुकानं निघाली. पंचांपैकी प्रत्येकाने भाऊला त्या खुणा कोरताना उभं राहून पाहिलं होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही.

भाऊला हे कळलं तेव्हा तो आधी खूप हसला. मग त्याला वाटलं, एवढी शिकलेली माणसं लांबून येऊन फसून राह्यली, सांगायला पाहिजे. हीच त्याची चूक. तो एका पौर्णिमेच्या सकाळी मंडपात गेला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, ह्या खुणा माह्या हायेत. बायांच्या गोंदणावरून काढल्या मी."

सर हसले. "काका, तुम्ही भाबडे आहात. या खुणा किमान आठशे वर्षांपूर्वीच्या आहेत. मला स्वतः शिल्पीने सांगितलंय."

मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी फिदीफिदी हसलं. भाऊ खोटं बोलतो असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने पिशवीतली छिन्नी काढली, विंचवाशेजारी टेकवली आणि मोजून चार घावांत दुसरा विंचू कोरून दाखवला. "पाहा. हाये का नाही तोच?"

मोबाइल चालूच होते. संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरलं ते. भाऊचं बोलणं कापलेलं, फक्त छिन्नी आणि घाव ठेवलेले. खाली लिहिलेलं, प्राचीन संकेत नष्ट करताना पकडलेला माणूस. मग आमची जात निघाली. यांना देवळाशी काय करायचंय, मुद्दाम केलं असेल, असं ज्याने त्याने लिहिलं. तक्रार झाली, ठाण्यात बोलावणं आलं. मी वकील घेऊन गेले आणि कागद पुढे सरकला नाही. पण लोकांच्या तोंडाला कुठला वकील लावणार? बीबीपासून खामगावपर्यंत ज्या ठेकेदारांकडे भाऊने जन्म काढला, त्यांचे फोन बंद झाले. एकाने तर घरी येऊन सांगितलं, "सुदामदादा, तुम्ही कामावर दिसले तं लोक मले बोलतात."

मी चवताळले होते. म्हटलं, पंचफुलाला आणि बाकीच्या बायांना पत्रकारांपुढे उभं करते, हात दाखवू दे. पंचफुला तयारच होती. भाऊने मात्र साफ नाही म्हटलं. "त्या बायांच्या हाताचे फोटो काढत बसतील हे. उद्या त्यांच्या घरापुढे पथारी टाकतील. सोड ना विमल. दगड कोठी जाऊन नाही राह्यला." दोन वर्षं तो ओसरीवर बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान वर करून बघेना. डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिलं. असे कागद मी शेकड्यांनी टाइप केलेत, त्यांत काय मावत नाही तेही मला ठाऊक आहे.

भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुला आली. सत्तरीची बाई, पाठीत वाकलेली. भाऊच्या खोलीत भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बाई, आता तं लिहून घ्या. त्यानं मना केलं होतं म्हणून गप होती."

"तुमचं नाव येईल त्यात," मी म्हटलं.

"येऊ द्या ना. माहा हात काय चोरीचा आहे का?"

मी वही काढली आणि हाताला सवय होती म्हणून तिचं सांगणं लघुलेखनातच उतरवून घेतलं. नंतर टाइप करून प्रतिज्ञापत्र करायचं मनात होतं. नऊपैकी ज्या चौघी हयात आहेत त्यांची नावं, त्यांची गोंदणं, कुणाचा कितवा थर, सगळं तीन पानांत आलं. बाकी तिघींनाही मी घरोघर जाऊन विचारलं. त्या हो म्हणाल्या.

मग भाऊच्या जलदान विधीला, म्हणजे आम्हा बौद्धांतल्या दिवसकार्याला, काय व्हावं? सर आले. पांढरा सदरा, हातात हार, मागे आठ-दहा अनुयायी. भाऊच्या तसबिरीपुढे डोळे मिटून उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आम्हाला उशिरा उमगलं. सुदामजी माध्यम होते. दुसरा विंचू त्यांच्या हातून त्या प्राचीन शिल्पीनेच कोरून घेतला." आदल्या दिवसापर्यंत जो देऊळ नासवणारा होता, तो मेल्याबरोबर यांचा झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, त्यांनी मागे काही ठेवलंय का? काही आकृत्या, काही लेखन?"

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. त्या एका प्रश्नाने आलं. मी आत गेले, वहीतली ती तीन पानं काढून आणली आणि त्यांच्या हातात दिली. रेघा, आकड्या, टिंबं. सर पानं उजेडात धरून पाहायला लागले. "हे... हे त्यांच्या खोलीत होतं?"

"त्याच्याच खोलीत लिहिलेलं आहे," मी म्हटलं.

"ही लिपी कोणती, ताई?"

"तुम्हाला सगळं वाचता येतं ना? वाचा की."

मी एक शब्द खोटा बोललेले नाही. प्रतिज्ञापत्रासाठी काढून ठेवलेल्या छायाप्रती माझ्याजवळ होत्या. मी वाट पाहत राहिले. तीन आठवड्यांनी कोर्टातल्या माझ्या जागेवरच्या मुलीचा फोन आला, हसू आवरत नव्हतं तिला. "विमलताई, ही तुमच्या लघुलेखनाची आउटलाइन ना? अख्ख्या कोर्टात तुमच्यासारखी आकडी कुणी काढत नाही!" तिने पाठवलेल्या चित्रफितीत भलंमोठं सभागृह होतं, पडद्यावर माझी पानं होती, आणि सर डोळे मिटून एकेक ओळ सांगत होते. तरी मी गप्प बसले. ती पानं त्यांच्या पुस्तिकेत छापून येऊ दिली. ती पुस्तिका आता माझ्या टेबलावर आहे. आता ऐका.

पहिली ओळ सरांनी वाचली ती अशी, "मी नऊ द्वारांचा रक्षक." तिथे लिहिलंय, पंचफुलाच्या डाव्या मनगटावर विंचू आहे, तो तिच्या आईने बीबीच्या बाजारात गोंदवून घेतला. पुढे ते वाचतात, "सात पर्वतांपलीकडे माझे गुरू." तिथे लिहिलंय, पाळण्याचा थर सर्वांत खालचा, त्यातला सातवा दगड उचलताना बोट चेमटलं. ज्याला खात्री करायची त्याने पुस्तिका घ्यावी आणि मराठी लघुलेखन येणाऱ्या कुठल्याही स्टेनोपुढे ठेवावी. आणि पंच मंडळी, तुम्हीही घ्या. बाया तुमच्याच गावात राहतात.

भाऊला हे आवडलं नसतं. म्हणाला असता, काऊन माणसाची फजिती करतं? करते. मला माझ्या भावासारखं मोठं मन नाही, आणि ते नाही याचं मला आजच्याइतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

राहिली तिसऱ्या पानावरची शेवटची ओळ. ती सांगताना पंचफुला रडली होती. ती त्या पौर्णिमेला मंडपाच्या पायरीवर उभी होती, भाऊच्या बाजूने बोलायला म्हणून गेली होती आणि गर्दीने तिला पुढे जाऊ दिलं नाही. ती ओळ वाचताना सरांचा चेहरा उजळला. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "इथे सुदामजी सांगताहेत, मी तृप्त आहे." सभागृहात टाळ्या पडल्या.

त्या ओळीत लिहिलंय, सारे हसले तेव्हा सुदामदादाचा हात कापत होता, म्हणून दुसरा विंचू वाकडा आला.