मनात आलेलं चांगलं

आमच्या हिचे मामा मुलुंडला राहतात, आणि त्यांच्याइतका धोकादायक सज्जन अख्ख्या पूर्व उपनगरात दुसरा नसेल. मनात कुणाबद्दल चांगलं आलं की ते तिथल्या तिथे त्या माणसाला सांगून टाकायचं, हे त्यांचं तत्त्व. "राग खुशाल शिळा होऊ द्यावा, जावईबापू. कौतुक गरम असतानाच वाढायचं," असं ते मला दर भेटीत बजावतात. त्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात गळायला लागलं, तेव्हा तिथल्या बाई भांडायला वर आल्या. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, पट्टी वर गेली तरी तुमचा सूर हलत नाही हो!" बाई पुढचं वाक्यच विसरल्या. हल्ली त्या भजनी मंडळात जातात. गळती अजून आहे. एकदा दाताच्या डॉक्टरीणबाईंचा हात किती हलका, हे त्यांनी दाढेचं काम चालू असतानाच सांगायला घेतलं. त्यात बाईंचं बोट चावलं गेलं. मामी म्हणाल्या, "अहो, तोंड मिटून कौतुक करता येत नाही का?" मामा म्हणाले, "मिटूनच झालं ना ते!"

अशा या माणसाची जीभ फक्त एका ठिकाणी टाळूला चिकटायची. मानखुर्दला त्यांचे थोरले भाऊ राहायचे, सगळे त्यांना दादा म्हणत. वडील लवकर गेले, दादांनी शाळा सोडून गिरणी धरली आणि धाकट्याला बी.कॉम. केलं. दोघं भेटले की मासळी, गावचं घर आणि गुडघे, एवढंच बोलायचे. मग दादांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी मामांचा मला फोन आला. "तू चल रे बरोबर. एकट्याने जमणार नाही."

मानखुर्दच्या घरी दादा खाटेवर बसून टीव्ही बघत होते. मामांनी घसा साफ केला. "दादा, तू होतास म्हणून मी शिकलो." दादांची नजर टीव्हीवरच. दादांना ऐकू कमी येत असेल, असं वाटून मामा जवळ सरकले आणि तेच मोठ्यांदा म्हणाले. दादा ढिम्म. शेवटी मामा कानाशी जाऊन असे ओरडले, की समोरच्या दारातली म्हातारी उठून उभी राहिली, "दादा! तू होतास म्हणून मी शिकलो!"

दादांनी टीव्ही बंद केला. "आरडतंस कित्याक? बहिरो नाय मी. पयल्याच वेळाक आयकलंय."

"मग बोलला का नाहीस?"

दादा चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. "परत आयकूचा हुता," ते म्हणाले.

मामा खाटेच्या कडेला बसले. मी उगीचच गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ऑपरेशन झकास झालं. दादा पुढे दोन वर्षं होते, आणि त्या दोन वर्षांत मामा दर रविवारी मानखुर्दला जात. दोघं भाऊ तिथे काय बोलत, ते मी कधी विचारलं नाही. आता दादा नाहीत. रविवारी दुपारी मी सहज मुलुंडला जातो. मामी झोपलेल्या असतात. मामा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले असतात, बाहेर निघाल्यासारखे. मी चहा टाकतो, आणि आम्ही दोघं तो बराच वेळ पीत बसतो.