न पाहिलेल्या सिनेमाचा शेवट

लाँड्रीवाल्या मावशी दिवसभर उभ्या असत. पुढ्यात इस्त्रीचं टेबल, हाताशी पाण्याचा फवारा आणि समोरच्या फळीवर स्टार्चच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन. फोनवर सिनेमा चालू. मागच्या खोलीत यजमान धुलाईचं मशीन सांभाळत, सून काउंटरवर कपडे घेई, आणि मावशी शर्टाच्या बाह्या पसरता पसरता एक डोळा पडद्यावर ठेवत.

मोठे, खर्चिक सिनेमे त्यांच्या कामाचे नव्हते. "त्यात गाड्या उडतात. मान वर करावी लागते, आणि इकडे कुणाची तरी पँट जळते," असं त्या म्हणत. त्यांना आवडायचे ते कुणी ऐकलेही नसतील असे लहान सिनेमे. चार मित्रांनी मिळून, कुणाच्या तरी घरात, हाताशी असेल त्यावर भागवून केलेले. त्यातून विनोदी असला तर उत्तमच. आवडायचे म्हणजे खरं तर नावं ठेवायला आवडायचे.

"पडदे बघा पडदे," त्या गिऱ्हाइकांना सांगत. "डॉक्टरच्या घरी तेच पडदे, चोराच्या घरी तेच पडदे. चोराने तिथूनच चोरले असं म्हणायचं आणि पुढे जायचं." नाहीतर, "हिरो म्हणे रात्रभर वणवण फिरला. शर्टाच्या पाठीवरची घडी बघा, आत्ता माझ्या टेबलावरून उचललाय." लोक हसत. कपडे देऊन झाले तरी रेंगाळत.

एकदा सुनेने ते बोलणं फोनवर टिपलं आणि सगळ्यांना बघायला इंटरनेटवर टाकलं. ते लोकांना भलतंच आवडलं. मग दर आठवड्याला एक व्हिडिओ होऊ लागला. अनोळखी माणसं दुकानात डोकावून "त्या मावशी तुम्हीच ना?" असं विचारू लागली. मावशी "काहीतरीच तुमचं" म्हणत, पण व्हिडिओच्या दिवशी केस नीट विंचरून येत. एवढ्या वर्षांत त्यांचं बोलणं घरातल्या कुणीही असं कान देऊन ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. मावशी बहुतेक सिनेमे अर्धेच बघत. मध्येच कुणी चादरींचं गाठोडं घेऊन येई, कधी यजमान आतून हाक मारत, कधी सरळ कंटाळा येई. उरलेला भाग त्या स्वतःच्या मनाने जुळवत. असल्या सिनेमांचा शेवट काय होणार, हे कळायला तो बघावा कशाला लागतो, असं त्यांना वाटे. आणि बऱ्याचदा अंदाज बरोबरही निघे.

मग तो लिफ्टचा सिनेमा आला. वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोन म्हातारे शेजारी लिफ्टमध्ये अडकतात, एवढीच गोष्ट. अंधारलेली लिफ्ट, दोन माणसं आणि बोलणं. मावशींनी निम्मा बघितला, त्याच वेळात उशांचे ढीगभर अभ्रे इस्त्री करून काढले, आणि एक बाई घाईचे कपडे घेऊन आल्या तेव्हा फोन बंद केला तो केलाच.

व्हिडिओत त्या म्हणाल्या, "यांना एक लिफ्टच मिळालेली दिसते, म्हणून सगळा सिनेमा लिफ्टमध्ये. तो दाढीवाला म्हातारा बोलतो, बोलतो आणि बोलतच राहतो. शेवटी लिफ्टमध्येच मरतो बिचारा. तो सुटला आणि त्याच्यामागोमाग मीही सुटले."

आजवरच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो जास्त फिरला. "तो सुटला आणि मीही सुटले" हे लोक ऊठसूट एकमेकांना ऐकवू लागले.

त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक कंडक्टर काका होते. बसमधल्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, गुळगुळीत दाढी केलेले. दर आठवड्याला शर्ट आणून देत, मोजकं बोलत. एके दिवशी ते काउंटरशी उभे असताना शेजारच्या मेडिकलवाल्याने फर्माईश केली, "मावशी, ते लिफ्टमधल्या म्हाताऱ्याचं सांगा ना एकदा."

मावशींनी आढेवेढे न घेता सांगितलं. इस्त्री आडवी धरून त्या म्हाताऱ्याची मान कशी लटपटते तेही करून दाखवलं. दुकानातले सगळे हसले. काकाही हसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मावशी, तो म्हातारा मीच हो."

मावशींनी आडवी धरलेली इस्त्री टेबलावर ठेवली.

"अहो काका, मी आपली गंमत..."

"गंमत छान करता तुम्ही. माझी मान हलते खरी. पुतण्याने केलाय तो सिनेमा. दाढी वाढव म्हणाला, वाढवली." काकांनी पिशवीतून शर्ट काढून काउंटरवर ठेवले. "फक्त तो शेवटी मरत नाही."

इथे मावशींना गप्प बसता आलं असतं. पण सगळे बघत होते, आणि तोंडातून निघून गेलं, "मरतो की. मी पाहिलं ना."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मेडिकलवाल्याकडे वळून म्हणाले, "असेल, असेल. पुतण्याने दोन शेवट केले होते बहुतेक. यांनी दुसरा पाहिला असेल."

मावशींचे कान तापले. काका आपल्याला वाचवत होते, हे दुकानातल्या प्रत्येकाला कळलं होतं. मेडिकलवाला उगाचच खिसे चाचपत निघून गेला.

संध्याकाळी सुनेने हळूच विचारलं, "आई, तुम्ही तो पूर्ण पाहिला होता ना?"

"तूच टाकतेस ते सगळं. मी सांगितलं होतं का टाकायला?" मावशी फणकारल्या. सून हिशेबाला बसली. तिचा पडलेला चेहरा बघून मावशींना आणखीच ओशाळं वाटलं, कारण टाकायला त्यांनीच सांगितलं होतं, तेही दोनदोनदा.

पुढच्या आठवड्यात काका आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. धुऊन, घडी घालून ठेवलेले त्यांचे शर्ट फळीवर तसेच पडून होते आणि मावशींची नजर घडोघडी तिकडे जाई.

एका दुपारी दुकान बंद असताना त्यांनी इस्त्रीची पिन काढली, स्टुलावर बसल्या आणि तो सिनेमा पहिल्यापासून लावला. हातात काहीच नसताना सिनेमा बघायची सवय नव्हती. हात मांडीवर नुसते पडून राहिले. सुरुवात तेव्हा वाटली होती तितकीच कंटाळवाणी होती. पण नंतर लिफ्ट सुटते. दुसरा म्हातारा बाहेर पडतो, आणि काका आतच थांबतात, बटण दाबतात, नुसतेच वर-खाली जात राहतात. इतक्या वर्षांनी कुणाशी तरी बोलायला मिळालेली ती जागा त्यांना सोडवत नाही. तो दुसरा जिन्याने धापा टाकत प्रत्येक मजल्यावर त्यांना गाठतो. दार उघडतं, तो "अरे ऐक," म्हणतो आणि दार बंद होतं. पुन्हा उघडतं, पुन्हा बंद. दाराच्या त्या फटीत काकांचा चेहरा असा काही होतो की मावशी एकट्याच मोठ्याने हसल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला.

मग शर्टांची पिशवी घेऊन त्या काकांच्या घरी गेल्या. काकांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली.

"काका, मी खोटं बोलले. अर्धाच पाहिला होता."

"माहीत आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"सगळा जन्म बसमध्ये गेला माझा. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून कळतो," काका म्हणाले. "त्याला सगळ्यांदेखत उतरवायचं नसतं. जवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं. मी यायलाच हवं होतं, पण गुडघा धरलाय."

मावशींना वाटलं, हे रागावले असते तर किती बरं झालं असतं.

"आता पूर्ण पाहिला. शेवट फार चांगला आहे."

"आणि आधीचं?"

मावशींनी खाली बघितलं. पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती. "कंटाळवाणं आहे."

काका खुदकन हसले. "मीही पुतण्याला तेच सांगत होतो. ऐकेल तर शपथ." मग म्हणाले, "त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी त्याला तुमचा व्हिडिओ दाखवला. सिनेमा त्याचाच आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तोही हसला म्हणे त्यांच्याबरोबर. काय करणार?"

"मी भेटते त्याला. माफी मागते."

"नको. त्याला आता तो विषयच नको आहे."

घरी येऊन मावशींनी सुनेची समजूत काढली आणि नवा व्हिडिओ करायला लावला. त्यात सरळ सांगितलं, मी सिनेमा अर्धा बघून बोलले, शेवट मनाचा सांगितला, चूक माझी आहे. लोकांना तीही मावशींची नवी गंमतच वाटली. "मावशी, माफी मागायची नक्कल एक नंबर," असं कुणीतरी खाली लिहिलं. सुनेने पहिला व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो इतक्या फोनांत जाऊन बसला होता की काढला काय न् ठेवला काय. त्यानंतर मावशींनी व्हिडिओ केले नाहीत. कुणी एखाद्या सिनेमाचं विचारलंच तर "अजून पाहिला नाही" एवढंच म्हणत.

पावसाळा सरता सरता एक माणूस पिशवी घेऊन आला. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. "काकांचे शर्ट. त्यांना जिना उतरवत नाही." शर्ट ओळखीचे होते, त्यावरून मावशींनी माणूसही ओळखला.

"कधी मिळतील?"

"बसा. आत्ता करून देते."

तो बाकावर बसला. मावशींनी पहिला शर्ट पसरला. बाही झाली, दुसरी झाली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या व्हिडिओतली मी. न बघता बोलले. तुमच्यावर फार अन्याय झाला."

तो रस्त्याकडे बघत होता.

"दुसरा सिनेमा करताय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

तेवढंच बोलला. आवाजात राग नव्हता, ओळख दाखवावी असंही काही नव्हतं. मग फोनवर वेळ बघून म्हणाला, "काकांना कॉलर जरा कडक लागते."

"हो, माहीत आहे," मावशी म्हणाल्या, आणि स्टार्चचा डबा पुढे ओढून त्यांनी कॉलर पुन्हा ओली केली.